हळदीचं गाणं मेटलमध्ये: सांगोवांगी काय, खरं काय

कल्याणला रेल्वे दोन दिशांना फुटते. कसाऱ्याची गाडी शहाडकडे वळते, कर्जतची विठ्ठलवाडीकडे. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, जवळून वाहणारी वालधुनी आणि आसपास इमारतींनी वेढलेली जुनी आगरी गावं असा हा विठ्ठलवाडीचा भाग. लग्नसराईत इथे हळदीच्या रात्री बेंजो पार्टी लागते. कोळीगीतं, आगरी गाणी आणि शिंदे घराण्याची गाणी एकामागून एक होतात, मधूनच ‘ऐका दाजिबा’ येतं, ‘कोंबडी पळाली’ येतं. त्याच घरांतली मुलं लोकलमध्ये कानाला हेडफोन लावून मेटॅलिका आणि आयर्न मेडन हे मेटल बँड ऐकत असतात. दोन्ही संगीतं एकाच कानात नांदू लागली की कधीतरी प्रश्न पडतोच: हेच गाणं मेटलमध्ये वाजवलं तर?

प्रश्न निघाला की मतं तयारच असतात. घरातले म्हणतात, गाण्याची वाट लागेल. मेटलवाले म्हणतात, असली गाणी आपल्याला शोभत नाहीत. बेंजोवाले म्हणतात, पोरांना ठेकाच कळत नाही. या मतांत थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ ऐकीव आहे. माझ्या मते गाण्याचं नुकसान दोनच गोष्टी करतात: ठेका न ऐकता वाजवणं आणि गाणं करणाऱ्याचं नाव गाळणं. बाकीची भीती अनाठायी आहे. म्हणून नेहमी कानावर येणारी विधानं एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज: मेटल परकं आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: मेटलचा जन्म झाला तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या १७व्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच होती. त्याने बोटांना टोप्या करून बसवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावायला सुरुवात केली. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये हा खालचा, जड सूर स्पष्ट ऐकू येतो. कामगाराच्या जखमी हातातून घडलेलं हे संगीत अंबरनाथ, उल्हासनगर आणि डोंबिवली एमआयडीसीच्या पट्ट्यात परकं वाटण्याचं कारण नाही. इथल्या कितीतरी घरांत पाळीचा भोंगा पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला आहे.

मुंबईत हे संगीत कालपरवा आलेलं नाही. १९८६मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव अनेक वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात गाजला. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केला. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७मध्ये विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ नावाचा अख्खा अल्बम काढला. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड तर संतांचे अभंग गिटार, बेस आणि तबल्याच्या साथीने रॉक, ब्लूज, रेगे अशा ढंगांत गातो. त्याला मेटल म्हणता येणार नाही, पण जुना शब्द आणि नवं वाद्य एकत्र नांदू शकतात हे तो दाखवून देतो.

आणि हळदीत वाजणारा आपला बेंजो कुठला? टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलं हे वाद्य जपानी ‘ताइशोगोतो’पासून आलं. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२मध्ये ते तयार केलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मुंबईच्या चाळींत त्याला बेंजो म्हणू लागले, मग त्याला पिकअप बसला आणि ते विजेवर वाजू लागलं. डोंबिवलीचे दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६मध्ये याच वादकांच्या दुनियेवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. शंभर वर्षांत जपानी वाद्य मराठी लग्नाचा प्राण झालं, तर गिटारला दार बंद करण्यात अर्थ नाही.

गैरसमज: मेटल म्हणजे मोठा आवाज. व्हॉल्यूम वाढवला की झालं.

वस्तुस्थिती: मेटलचा जडपणा आवाजाच्या पातळीवर फारसा अवलंबून नसतो. तो तीन गोष्टींतून येतो: खालचा सूर, फाटलेला नाद आणि अचूक थांबे. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या मिळवणीत सेकंदाला साधारण ८२ कंपनं करते. ती दोन स्वर खाली उतरवली की ६५च्या आसपास येते. त्यावर नाद फाडणारं डिस्टॉर्शन चढवलं की नादातले चढउतार दाबले जातात आणि सूर सलग, भरीव होतो. त्यामुळे तो हळू लावला तरी भारी वाटतो. उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून वाजवलं की प्रत्येक आघात तुटक, कोरडा निघतो, आणि दोन आघातांमधली शांतता हीच पुढच्या आघाताची ताकद ठरते.

दाटीवाटीच्या वस्तीत ही गोष्ट कळणं फार गरजेचं आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही आणि रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मेटलचा सराव या मर्यादेत पूर्णपणे बसतो. गिटार संगणकाला जोडून हेडफोनवर ऐकता येते आणि ड्रमचा सराव रबरी पॅडवर होतो. शेजारच्या आजीची झोप मोडल्याशिवाय जड गाणं बसवता येतं. ते बसवणाऱ्याला आवाज कमी ठेवूनही जडपणा आणता आला पाहिजे. कमी आवाजात जे पोकळ वाटतं, ते मोठ्या आवाजातही पोकळच राहतं.

गैरसमज: गिटारच्या कॉर्डमुळे लोकचाल बिघडते.

वस्तुस्थिती: बिघडते, पण कॉर्ड चुकीची निवडली तर. आपल्या चालींमागे पाश्चात्त्य पद्धतीचा कॉर्डांचा प्रवास नसतो. चाल एका स्थिर षड्जाभोवती फिरते. तुणतुण्याची एक तार सतत छेडली जाते आणि शाहीर तिच्या आधाराने गातो. अशा चालीवर दर ओळीला तीन-चार मेजर-मायनर कॉर्ड लादले की तिचा चेहरा बदलतो.

मेटलमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा पॉवर कॉर्ड मात्र वेगळा असतो. त्यात फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम असतो, बहुतेकदा वरचा मूळ स्वरही जोडीला असतो. म्हणजे सा-प-सा. मेजर-मायनर ठरवणारा गंधार त्यात नसतोच. तंबोऱ्यावर आपण हीच संगत ऐकतो. गंधार कोमल आहे की शुद्ध, हे गायकाच्या गळ्यावर सोडलेलं असतं आणि म्हणून लोकचालीला पॉवर कॉर्ड अंगावर ओझं वाटत नाही.

यामागे भौतिकशास्त्र आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा स्वर तयार होतो. सा आणि प यांचं प्रमाण २:३ आहे. फरक येतो १, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. दोन तारा छेडल्या तरी कानाला खर्जातला सा ऐकू येतो. तोच पूर्ण मेजर कॉर्ड डिस्टॉर्शनमधून काढला की असे अनेक फरक एकमेकांत मिसळतात आणि सगळा गढूळ कल्लोळ होतो. आयोमीच्या पिढीने हे कानाने शोधलं. तुणतुणं वाजवणाऱ्यालाही षड्जाची ताकद कानानेच कळली होती.

इथून एक व्यावहारिक नियम निघतो. आधी गायकाची पट्टी ठरवावी, मग तारा मिळवाव्यात. आपले लोकगायक उंच गातात, कारण माईक नव्हते तेव्हा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचवायचा असे. गाणारा काळी एकमध्ये खुलत असेल तर गिटारची जाड तार काळी एकच्या सुरात उतरवावी. गिटारच्या सोयीसाठी गायकाला खाली ओढलं की गाण्यातली हाक जाते, आणि या गाण्यांचा अर्धा जीव त्या हाकेत असतो.

गैरसमज: ड्रम वेगाने वाजवले की कुठलंही गाणं मेटल होतं.

वस्तुस्थिती: बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

कोळी आणि आगरी गाण्यांचा नेहमीचा ठेका सहा मात्रांचा असतो, तीन-तीनच्या दोन झोक्यांचा. दादऱ्याची घडण तीच. भजनातली धुमाळी आठ मात्रांची. ढोलकीवरची लावणी आठ मात्रांच्या चौकटीत फिरते, पण तिचे आघात समेच्या अलीकडे-पलीकडे पडतात. गोंधळात संबळाचं एक तोंड खर्जात घुमतं, दुसरं टिपेला तडतडतं आणि त्या दोन आवाजांच्या संवादात ठेका तयार होतो. प्रत्येक ठेक्याची चाल वेगळी, आणि नाचणाऱ्याचं पाऊल त्या चालीवर पडतं.

गिटार शिकणारी मुलं मात्र बहुधा चारच्या मोजणीवर वाढलेली असतात. सहा मात्रांचं गाणं हाताशी आलं की ती ते ताणून चारच्या साच्यात बसवतात. सूर तेच, शब्द तेच, पण खांदे हलायचे थांबतात. ऐकणारा म्हणतो की मेटलने गाणं मारलं. खरं तर मेटलमध्ये सहाची लय मुबलक आहे. मेटॅलिकाचं १९९१च्या अल्बममधलं ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सहाच्या मोजणीवर चालतं. म्हणजे साधन हाताशी आहे, ते उचलण्याआधी मूळ गाणं मोजलं पाहिजे.

सहाच्या ठेक्यावर ड्रम बसवायचे तर पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजणारा ड्रम) आणि चौथीवर स्नेअर ही पहिली पायरी. एवढ्यानेच गाण्याला संथ, जड डोल येतो. मग मूळ ध्वनिमुद्रणातला ढोल ऐकावा आणि त्याचे घुमारे किकने उचलावेत, ताशाची तडतड स्नेअर आणि हाय-हॅटवर वाटून द्यावी. ढोलवाल्याने जिथे जागा मोकळी सोडली आहे तिथे ड्रमरनेही ती सोडावी. त्या मोकळ्या जागेत टाळी पडते.

वेगाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला १२० झोके आणि प्रत्येक झोक्यात तीन मात्रा धरल्या तर सेकंदाला सहा आघात होतात. दोन्ही पायांनी किक दुप्पट केली की सेकंदाला बारा. जलद मेटलमधले ड्रमर साधारण अशा वेगाने पाय चालवतात. म्हणजे हळदीचं गाणं त्याच्या नेहमीच्या लयीत ठेवूनही मेटलचा कळस गाठता येतो. त्यासाठी गाणं पळवायची गरज नाही. पळवलं की शब्द एकमेकांवर आदळतात आणि नाचणारी माणसं थकून बाजूला होतात.

मेटल बसवू पाहणाऱ्या ड्रमरला माझी कळकळीची सूचना आहे. ढोल-ताशा वाजवणाऱ्यांबरोबर बसावं, त्यांच्याकडून ठेका हाताने टाळ्या देत शिकावा. ही माणसं आपल्याच गल्लीत राहतात. परदेशी शिकवण्यांत मिळणार नाही असं ज्ञान त्यांच्या मनगटात आहे.

गैरसमज: अशा गाण्यांत रिफ नसतो, तो बाहेरून आणावा लागतो.

वस्तुस्थिती: मेटलमध्ये रिफ हा गाण्याचा कणा असतो: चार-दोन मात्रांचा स्वरांचा तुकडा, पुन्हा पुन्हा येणारा. आपल्या लोकप्रिय गाण्यांत हा तुकडा असतोच. वादक त्याला ‘पीस’ म्हणतात. मुखडा संपला की बेंजोवर, सनईवर, क्लॅरिनेटवर किंवा कीबोर्डवर जो छोटा तुकडा वाजतो, तो लोकांना शब्दांइतकाच पाठ असतो. हळदीत बेंजोवाल्याने पीस नुसता सुरू केला की शब्द यायच्या आधीच मंडप ओळखतो की गाणं कुठलं.

तो पीस गिटारने उचलावा. खालच्या सुरात, तळवा टेकवून, दोन गिटार डाव्या-उजव्या बाजूला ठेवून वाजवावा. जमत असेल तर मधोमध खराखुरा बेंजोही ठेवावा, कारण त्याचा टोकदार, चिरका नाद गिटारच्या भरीव नादातून सहज वर येतो. त्यामुळे मेटल ऐकणाऱ्याला रिफ मिळतो आणि हळदीत नाचणाऱ्याला ओळख. बाहेरून आणलेला रिफ कितीही कर्तबगार असला तरी या गाण्यात तो पाहुणाच राहतो. एक वास्तवही लक्षात ठेवावं: असा पीस बहुधा संगीतकाराने किंवा संयोजकाने विचारपूर्वक रचलेला असतो, त्यामुळे त्याचंही श्रेय द्यायला हवं.

गैरसमज: मेटल गायचं म्हणजे घसा फोडून ओरडायचं.

वस्तुस्थिती: रॉब हॅलफर्ड, रॉनी जेम्स डिओ, ब्रूस डिकिन्सन या मेटलच्या थोर गायकांची गायकी स्वच्छ, उंच, मोकळ्या आवाजाची. त्यांची फेक पोवाड्याला शोभेल अशी आहे. गुरगुरणारा आवाज हा मेटलचा एक प्रकार, आणि त्याचंही तंत्र आहे. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पट्ट्या असतात. त्यांना कंप देऊन आणि श्वासाचा आधार पोटातून घेऊन हा आवाज काढतात. तुवा प्रांतातल्या ‘कार्गिरा’ या कंठगायनात त्याच पट्ट्यांचा उपयोग होतो. मंगोलियाच्या ‘द हू’ या बँडने तर कंठगायन आणि मोरिन खूर हे घोड्याच्या शिराचं तंतुवाद्य मेटलमध्ये आणलं. २०१९च्या ‘द गेरेग’ या त्यांच्या अल्बमने ते जगभर पोचलं. शिक्षणाशिवाय, नुसता गळा आवळून ओरडलं तर इजा होते. तशी ती चुकीच्या पट्टीत भजन गाऊनही होते.

मराठी गाण्यापुरता माझा आग्रह असा की कडवं स्वच्छ आवाजातच गावं. या गाण्यांत गंमत शब्दांची असते, आगरी बोलीच्या हेलाची असते, आणि गुरगुरीत तो हेल पुसला जातो. जड आवाज कोरसला राखून ठेवावा. शाहिरामागे झीलकरी ओळ उचलून धरतात, ती सामूहिक ताकद मेटलमधल्या समूहघोषात हुबेहूब सापडते. शाहीर आणि झीलकरी ही आपली जुनी रचना मेटलला जशीच्या तशी लागू पडते.

गैरसमज: लोकप्रिय गाण्याचं मेटल करणं म्हणजे थट्टा.

वस्तुस्थिती: सुरुवात थट्टेने होऊ शकते, शेवट तसा असायलाच हवा असं नाही. दिल्लीचे करण कटियार आणि जयंत भदुला यांनी २०१६मध्ये ‘ब्लडीवुड’ हा बँड सुरू केला तो पॉप गाण्यांची विनोदी मेटल रूपं करण्यासाठी. २०१८मध्ये त्यांनी दलेर मेहंदींच्या १९९८च्या ‘तुनक तुनक तुन’चं मेटल रूप केलं. मग रॅपर राऊल केर आला, ढोल आणि बासरी कायमची बँडमध्ये आली आणि स्वतःची गाणी सुरू झाली. २०१९मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात ते वाजले, २०२२मध्ये ‘रक्षक’ हा त्यांचा अल्बम आला. दुसऱ्याची गाणी नव्याने बसवता बसवता त्यांना स्वतःचा आवाज सापडला.

त्यांच्या प्रवासात शिकण्यासारखी गोष्ट अशी की भांगड्याचा ढोल त्यांनी चवीपुरता ठेवला नाही, त्याच्याभोवती गाणं उभारलं. आपल्याकडे अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’चं रूप बदलून २०१२च्या ‘अग्निपथ’साठी ‘चिकनी चमेली’ केलं तेव्हाही ठेक्याची ऊर्जा जपली. ज्याला मूळ गाण्यावर हसायचंच आहे, त्याचं मेटलही थट्टाच राहील. ज्याचं गाण्यावर प्रेम आहे, त्याचं प्रेम पहिल्या चार मात्रांत ऐकू येतं.

गैरसमज: लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं, आणि कव्हरला परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती: पारंपरिक गाणं सर्वांचं असतं हे खरं. पण आपण ज्यांना लोकगीतं समजतो त्यांतली पुष्कळ गाणी माणसांनी बसून लिहिली आहेत. ‘मी डोलकर’ आणि ‘वल्हव रे नाखवा’ ही कोळीगीतं शान्ता शेळके यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं. ‘गोमू संगतीनं’ हे १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं, सुधीर मोघे यांचं. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातलं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ अनेकांना परंपरेनेच आलेलं वाटतं. ते दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी चाल दिली. ही नावं विसरली गेली याचं एक कारण गाणी अतिशय लोकप्रिय झाली हे आहे. लोकप्रियतेची शिक्षा गीतकाराला होऊ नये.

कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७प्रमाणे गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शान्ताबाई २००२मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१सीमध्ये कव्हर ध्वनिमुद्रणासाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटायला हवीत. आधी सूचना द्यावी लागते, दरवर्षी किमान ५० हजार प्रतींचं मानधन भरावं लागतं. आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा चालीत हक्कधारकाच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. गाण्याची मोडतोड करून मेटल करणाऱ्याला ही शेवटची अट अडवू शकते. म्हणून सरळ मार्ग एकच: हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपनीला किंवा कुटुंबाला गाठून लेखी परवानगी घेणं.

यूट्यूबवर व्हिडिओ टिकून राहिला म्हणजे परवानगी मिळाली असा समज सर्रास आहे. तिथली यंत्रणा हक्कधारकाला व्हिडिओ रोखण्याची किंवा त्याचं उत्पन्न स्वतःकडे वळवण्याची सोय देते. त्याने काहीच केलं नाही, तर ते त्याचं औदार्य किंवा दुर्लक्ष, तुमचा हक्क नव्हे.

कायद्याच्या आधीही एक कर्तव्य आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. व्हिडिओच्या पहिल्या ओळीत गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावं लिहावीत. लोकसंगीतातल्या कितीतरी कलावंतांना आयुष्यभर मानधन तुटपुंजं मिळालं. नाव तरी पूर्ण मिळू द्या.

गैरसमज: नव्या रूपाने जुनं गाणं मरतं.

वस्तुस्थिती: ‘व्हिस्की इन द जार’ हे जुनं आयरिश लोकगीत. डब्लिनर्सनी ते लोकगायकांच्या पद्धतीने गायलं, १९७२मध्ये थिन लिझीने त्याचं रॉक केलं, १९९८मध्ये मेटॅलिकाने मेटल केलं आणि २०००मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. आज ही सगळी रूपं एकमेकांशेजारी जिवंत आहेत. गाणं गायलं गेलं नाही की मरतं.

आणि तशी गाणी आपल्याभोवती आहेत. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, सारं तोंडपाठ. लग्नगीताचा हा प्रकार मराठीत फार जुना आहे: महदंबेने १३व्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले आणि तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात. आज हळदीत स्पीकर लागला की धवलारणीचा आवाज मागे पडतो. तिच्याकडून शिकणाऱ्या मुली कमी होत आहेत. गिटारने धवल्याचं काही बिघडणार नाही, पण तो कुणी ऐकलाच नाही तर पुढच्या पिढीकडे बिघडवायलाही काही उरणार नाही.

म्हणून विठ्ठलवाडीत, कल्याणात, डोंबिवलीत गिटार घेऊन बसलेल्या प्रत्येकाला मला एक काम सांगायचं आहे. मेटल करण्याआधी घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या बाईचा धवला तिची परवानगी घेऊन फोनवर नीट रेकॉर्ड करा. गाणाऱ्या बाईचं नाव, गावाचं नाव आणि विधी कोणता, हे त्याच्यासोबत लिहून ठेवा. ती कुठल्या ओळीवर थांबते आणि कुठे श्वास घेते ते पुन्हा पुन्हा ऐका, तिच्या टाळीबरोबर टाळी द्या. त्यानंतर गिटार तिच्या पट्टीत मिळवा आणि हवं तेवढं डिस्टॉर्शन लावा. तुमचं मेटल जमलं तर उत्तम, फसलं तरी तिचा धवला जतन झालेला असेल आणि पुढच्या वादकाला तो पुन्हा उचलता येईल.